तो एवढंच म्हणाला?

हातातलं सगळं टाकून लिहायला बसलेय, कारण हे आत्ता नाही सांगितलं तर माझं डोकं फुटेल. मला माझ्याच आईचा संशय येतोय. तासाभरापूर्वीपासून.

झालं असं. मी बारावीत असताना केबलवर एक ब्रिटिश डिटेक्टिव्ह मालिका लागायची, शनिवारी दुपारी. पप्पा ओझरला, विमानाच्या कारखान्यात, ते संध्याकाळी यायचे. घरात मी आणि आई. आई मखमलाबादकडची, माहेरी फुलांचे मळे, शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी शून्य. पण मालिका तिला माझ्याइतकीच आवडायची. ती मटार सोलत बसायची आणि मी प्रत्येक डायलॉग मराठीत सांगायचे. एक म्हातारा साहेब आणि त्याचा एक तरणा असिस्टंट, शहाणा, नम्र, साहेबाचा कोट धरणारा. आईला तो पहिल्यापासून पटायचा नाही. म्हणायची, "लय गोड बोलतो."

आता माझी भानगड. दिवाळीनंतर मी फिजिक्सचा क्लास सोडला होता. कुणाला न सांगता. काही कळायचंच नाही हो तिथे, आणि सर सगळ्यांसमोर उभं करायचे. मग रोज चारला वही घेऊन घरातून निघायचं, कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसायचं, सहाला परत. पप्पांना मला इंजिनिअर करायचं होतं. त्यांना कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारच नको.

आणि शेवटचा भाग लागला. काय भयंकर भाग होता तो! तीन खून, आणि खुनी कोण, तर तो असिस्टंट. बाहेर पाऊस, गाडीत दोघंच, आणि तो साहेबाला सगळं कबूल करतो. रोज सकाळी तुम्हाला सांगून निघायचो की चौकशीला चाललोय, एकदाही गेलो नाही, तुम्ही कधी विचारलं नाही, तुमचा माझ्यावर विश्वास होता.

हे मी आईला कसं सांगणार? तिच्या तोंडावर?

आईने विचारलं काय म्हणतोय. मी म्हटलं, म्हणतोय, साहेब, मला बरं वाटत नाहीये.

"एवढंच? इतका वेळ बोलला की तो."

मी म्हटलं इंग्रजीत लांबतं.

तेवढ्यात तो साहेब स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागला. हमसून हमसून. आईचा मटार सोलायचा हात थांबला.

"याला बरं वाटत नाय, म्हणून साहेब रडतो?"

पडदा काळा झाला, नावं सरकायला लागली, आणि आई टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मला खात्रीच पटली की हिला कळलंय. क्लासमधून फोन आला असणार. नाहीतर शेजारच्या काकूंनी मला कॅफेत बघितलं असणार. हिला इंग्रजीसुद्धा येत असणार, एवढे दिवस मला खेळवतेय!

आई शांतपणे म्हणाली, "खरं काय ते सांग."

"आई, मी दिवाळीपासून क्लासला गेले नाहीये."

आईने ताट खाली ठेवलं.

"मी मालिकेचं विचारत होते गं."

काय सांगू. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग तिने फक्त एवढंच विचारलं की पप्पांना तू सांगतेस का मी सांगू. मीच सांगितलं. ते बूट काढत होते, एक बूट तसाच पायात राहिला. ओरडले नाहीत, पण दोन दिवस माझ्याशी बोललेही नाहीत. सोमवारपासून आई मला क्लासला सोडायला यायची आणि सुटेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहायची. परीक्षेपर्यंत. फिजिक्समध्ये मी कशीबशी पास झाले. इंजिनिअरिंगचं पप्पांनी परत कधी काढलं नाही.

इतकी वर्षं मी हा किस्सा स्वतःचा गाढवपणा म्हणून सांगत आले. आणि आज त्या क्लासमधली एक मैत्रीण भेटली. बोलता बोलता म्हणाली, आठ दिवस दांडी मारली की क्लासवाले घरी पोस्टकार्ड पाठवायचे, तिच्या घरी दोनदा आलं होतं, केवढा मार बसला.

आठ दिवस! मी तीन महिने गेले नव्हते. आणि आमच्याकडे पोस्टमन यायचा दुपारी, तेव्हा घरी एकटी आई.

लगेच आईला फोन लावला. विचारलं, कार्ड आलं होतं ना? आई म्हणाली, "तेव्हा पोस्टमन लय गोंधळ घालायचा." आणि जेवलीस का, भाजी काय केलीस, सुरू.

म्हणजे तिला माहीत होतं? आणि मी आपणहून बोलायची वाट बघत तीन महिने माझ्या शेजारी बसून होती? का खरंच नाही आलं कार्ड? मला काहीच कळत नाहीये. तुमच्या आईने असं काही केलंय का हो कधी? तुम्हाला शेवटी कळलं का, तिला किती माहीत होतं ते?