बोराएवढी गाठ

काशिनाथ डॉक्टर गेल्याचं मला कळंबहून त्यांच्या मुलीनं, शैलानं, फोनवर सांगितलं. "झोपेतच गेले, मावशी..." फोन ठेवला आणि डोळ्यांपुढं उभी राहिली ती बिजली, आमच्या बेंबळीच्या दूध सोसायटीतली करडी मांजर.

बाहत्तरच्या दुष्काळातून सावरताना गावानं ही सोसायटी उभी केली. मी तिथं दुधाचं फॅट तपासायची. डॉक्टर सरकारी दवाखान्यातून येऊन जनावरं बघायचे. कळंबच्या बौद्ध कुटुंबातले, घरातले पहिलेच शिकलेले. बोलणं मोजकं. पुढं पुन्हा पावसानं दगा दिला, तेव्हा दिवसभर चारा-छावणीतली जनावरं बघून ते सोसायटीत येऊन टेकायचे आणि पेंडीच्या पोत्यांवरची बिजली उतरून त्यांच्या मांडीवर बसायची.

त्याच उन्हाळ्यात बिजली गोल गोल फिरू लागली. सारखी डावीकडंच. एका सकाळी तिला झटका आला. सावरायला गेले तर तिनं माझ्या मनगटात दात रोवले. गाव गोळा झालं. चेअरमन आण्णांनी काठी मागवली. "पिसाळलीय ती. आत्ताच्या आत्ता संपवा."

डॉक्टर मध्ये उभे राहिले. "आण्णा, आज मारली तर नेमकं काय होतं ते कळणार न्हाय. दहा दिवस पिंजऱ्यात ठेवू. पिसाळलेली असंल तर तेवढ्यात मरंल."

"आन् न्हाय मेली तर?"

"तर दुसरं काहीतरी हाय. ते मी शोधतो."

मला त्यांनी त्याच दिवशी पोटातली इंजेक्शनं सुरू करायला पाठवलं. रोज परतताना पिंजऱ्याकडं बघायचा धीर होत नसे... अकराव्या सकाळी बिजली वाटीतलं दूध पीत होती. मी तिथंच भिंतीला टेकून रडले. इंजेक्शनं थांबली.

मग डॉक्टर कामाला लागले. कान बिघडला तरी मांजर गोल फिरतं, म्हणून बॅटरीनं दोन्ही कान पाहिले, स्वच्छ होते. उंदराचं औषध कुणी टाकलं होतं का, विचारलं, नव्हतं. मग तिचा एकेक पंजा उलटा करून टेकवला. डावे तिनं लगेच सरळ केले, उजवे तसेच राहिले. उजव्या डोळ्यापुढं हात नेला तर पापणी हलेना, पण उजेड पडताच बाहुली बारीक झाली.

"डोळा चांगला हाय, ताई. दिसलेलं मेंदूपर्यंत पोचत न्हाय. उजव्या अंगाचा कारभार मेंदूची डावी बाजू बघते. तिथं गाठ असावी, हळूहळू वाढणारी."

तालुक्याहून आलेले त्यांचे साहेब सगळ्यांदेखत हसले. "मांजराच्या डोक्यातली गाठ पंजा उलटा करून कळली? तुम्ही आपले बैल बघा." डॉक्टरांचा चेहरा उतरला. सूज उतरायच्या आणि झटके थांबायच्या गोळ्या त्यांनी चालू केल्या. आठवड्यात बिजली सरळ चालू लागली. पुढं वर्षभर तिनं गोदामात एक उंदीर टिकू दिला नाही.

ती गेली त्या दुपारी मीच म्हटलं, "डॉक्टर, गाठ होती का ते आता बघून घ्या." सोसायटीतल्याच बर्फात तिचं डोकं बांधून ते एसटीनं परभणीला, त्यांच्या कॉलेजातल्या गुरुजींकडं गेले.

गुरुजींचं पत्र आण्णांनी सभेत उभं राहून वाचलं. साहेब पुढच्याच खुर्चीवर होते. "कवटीच्या आत, मेंदूच्या डाव्या अंगाला, बोराएवढी टणक गाठ. निदान अचूक. ते कसं केलं, हे आमच्या विद्यार्थ्यांना येऊन शिकवा." आण्णांनी पत्राची घडी केली. "डॉक्टर, काठी म्या मागवली व्हती. चुकलो." टाळ्या थांबेनात. साहेबही उठून टाळ्या वाजवू लागले. डॉक्टरांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

परवा शैलाला भेटायला कळंबला गेले. डॉक्टरांच्या पुढच्या खोलीत त्यांचं बुटकं स्टूल तिथंच होतं. जनावराच्या डोळ्याला डोळा भिडावा म्हणून ते त्यावर बसत. आम्ही बोलत असताना एक म्हातारा शेळी घेऊन दारात आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "डॉक्टरसायेब हायत का?"

शैलाही आता जनावरांची डॉक्टर आहे. तिनं डोळे पुसले, स्टूल ओढलं, शेळीपुढं बसली.

"हाय ना, बाबा. सांगा, पहिल्यांदा काय दिसलं तुम्हाला?"