साध्या वेषातले काका

काका साध्या वेषात असत आणि अख्खी बस त्यांना ओळखत असे. मूळचे फलटणकडचे, आधी फौजेत, मग दिल्लीत पोलीस हवालदार. काम एकच: आमच्या यमुनापारच्या बसमध्ये गुपचूप बसून खिसेकापू पकडायचे. त्यासाठी फुलाफुलांचा बुशशर्ट, काळा गॉगल आणि खाली आरशासारखे चमकणारे लाल पोलिसी बूट.

"काका, निदान बूट तरी बदला," मी म्हणायची. नव्या सोसायटीत आमची भिंतीला भिंत होती.

"वेष साधा आहे, ताई. शिस्त साधी नाही."

कंडक्टरने तिकीट विचारलं की खिडकीबाहेर बघत ते पुटपुटत, "स्टाफ." दिल्लीच्या बसमध्ये याचा अर्थ पोलीस, तिकीट माफ. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाई.

देश नुकताच खुला झाला होता. खासगी बसगाड्या, पेजर, जीन्स, सगळं एकदमच अवतरलं. काकांना धास्ती फक्त जीन्सची. "एवढ्या घट्ट खिशात त्याचा हात जायचा कसा? आणि हात गेलाच नाही, तर मी पकडू काय?"

निवृत्ती वर्षावर आली होती आणि त्यांना रंगेहाथ पकडल्याचं एक प्रशस्तिपत्र हवं होतं. त्यासाठी दिवाणखान्यात खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. काकूंना त्यावर कॅलेंडर लावायचीही बंदी.

पण चोरी होईल तर ना! आमच्या रूटचा नामांकित खिसेकापू पप्पू काकांना बघताच जागा द्यायचा. "आइए ताऊजी, बैठिए. घुटना कैसा है?"

"ठीक है. आज काम पे नहीं?"

"आप जो बैठे हो! अगली बस से देखेंगे."

काका घरी येऊन जेवत नसत.

शेवटी मीच पुढाकार घेतला. पर्स अर्धी उघडी टाकली, नोटा डोकावतील अशा ठेवल्या आणि पप्पूला खेटून उभी राहिले. काका वर्तमानपत्राआड दबा धरून. पप्पूने हात पुढे केला, आणि माझ्या पर्सची चेन ओढून बंद केली. "भाभीजी, ध्यान रखा करो. ज़माना ख़राब है."

काका रिकाम्या हातांनी निवृत्त झाले. निरोपाला साहेब म्हणाले, "आपके रूट पर तो कभी कुछ हुआ ही नहीं." काकांनी तो ठपका म्हणून घेतला. फुलाफुलांचे शर्ट बोहारणीला गेले. ते बाल्कनीत बसून विनाकारण बूट घासू लागले.

पुढच्याच सोमवारी त्याच बसमध्ये माझी पर्स कापली गेली. मी किंचाळले. मग दोन स्टॉप गेल्यावर एकदम काहीतरी सुचलं आणि मी एकटीच हसत सुटले. पैसे तर गेलेच होते, म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीला करोल बागेत अर्धा किलो बर्फी घ्यायला लावली आणि संध्याकाळी थेट काकांचं दार वाजवलं.

"काका, तोंड गोड करा. माझं पाकीट मारलं!"

त्यांनी पर्स रुमालात धरून उजेडात नेली. "ब्लेड नवं. हात जुना. कुठल्या बसमध्ये?"

"आपल्याच. इतकी वर्षं कुणाची हिंमत नव्हती. तुम्ही उतरलात आणि आठवड्यात हे."

काकांनी पर्स अलगद टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "परत सांगा."

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी काकूंना स्वयंपाकघरातून बोलावून समोर बसवलं.

पर्स उचलायला मी हात पुढे केला तशी त्यांनी मला अडवलं. "पुराव्याला हात लावायचा नाही, ताई." आणि पोटावर सरळ चीर असलेली ती पर्स त्यांनी खिळ्याला अडकवली.

काका गेले, त्यानंतर काकूंनी भिंत आवरताना ती मला परत देऊ केली. मी दोन्ही हात मागे घेतले. पुराव्याला हात लावायचा नसतो.