दाराकडून सारवलेली शाळा

"अगं अगं, आत कुठे निघालीस? शेणाचा वास येतोय तुझ्या हाताला. बाहेर बस. तिथूनही दिसतं सगळं."

गॅदरिंगच्या संध्याकाळी इंजिनिअर साहेबाची बायको शाळेच्या दारात हात आडवा लावून बोलली. नाकाले रुमाल. तिच्या मांगं सतरंजीवर तिची पोरगी बसली होती, माह्याच वर्गातली. हासून राहिली होती. माहा फ्राक धुतलेला होता, केसाले तेल होतं, हात राखेनं घासघासून लाल झाले होते. तरी वास येतच होता. येनारच! तुमच्या पोरीच्या बुडाखालची जमीन सकाळी मीच सारवली होती ना वो बाई!

गुरुजी बाजूलेच उभे होते. त्याहीनं सारं आयकलं अन आपल्या चपलेकडे पाहू लागले. मूग गिळून बसनं त्याहीच्याकडूनच शिकावं.

मी बाहेर धुराळ्यात बसली, मजुरांच्या कॅम्पातल्या बायापोरांसंगं. माही माय दिवसभर कारखान्याच्या पायव्यावर मातीचं घमेलं वाहून आली होती. मी इचारलं, "माय, आपन कावून बाहेर?"

"चूप बस. शाळेत बसू देतेत, थे का कमी हाय?"

थे का कमी हाय! तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर थे आग गेली नाई.

भिलाईचा कारखाना तवा उभा होऊन राहिला होता. आमी भंडाऱ्याकडचे. मराठी पोरांसाठी कॅम्पाजवळ टिनाचं एक शेड होतं, जमीन मातीची. दिवसा शाळा, संध्याकाळी भजन, संक्रांतीचं हळदीकुंकू, कोनाचा साखरपुडा, सारं त्याच्यातच. साऱ्याहीची शाळा म्हनत. पन शनिवारी सारवाले आमी, कॅम्पातल्या पोरी. बंगल्यातल्या पोरींचे हात खराब होत. गुरुजी म्हनत, "तुमाले सवय हाय." शेन आनाले मी टोपलं घेऊन बाजूच्या रुआबांधा गावाले जाओ. तिथली एक म्हातारी "ले जा नोनी", ने वो पोरी, म्हनून टोपलं भरून देये. तिनं कधी नाक धरलं नाई.

सारवाची रीत कशी, की समोरच्या भिंतीपासून हात फिरवाचा अन मांगं सरकत सरकत दाराशी याचं. नाईतर आपलेच पाय उमटते. म्हनून सारवनारी बाई शेवटी दाराबाहेरच असते. जमीन चकचकीत, अन थे बाहेर. हे कोनाले शिकवावं लागत नाई.

दुसऱ्या वर्षी पुन्हा गॅदरिंग आलं. यंदा कोनी मोठे साहेब येनार होते. गुरुजींनी किल्ली देली. "सकाळीच आटोप. थंडीचं लवकर सुकत नाई."

मी सकाळी गेलीच नाई. दुपारी गेली. अन दारापासून सुरू केलं.

उलटं! दाराकडे तोंड, फळ्याकडे पाठ. हात फिरवत, मांगं सरकत, आत, आत. फळ्याखाली माह्या बसन्यापुरती जागा कोरडी ठेवली. तिथं पोतं टाकलं अन मांडी घालून बसली. साऱ्याहीच्या पुढं, पयल्या नंबरच्या जागेवर.

गाड्या आल्या. थेच इंजिनिअरची साहेबीन दारात आली, पाय उचलला अन तसाच थांबला. "हे काय? सगळं ओलं! ए मुली, आधी बाहेर ये!"

"कशी येऊ बाई? पाय उमटतीन."

गुरुजी लालेलाल. "उठतेस का नाई?"

"ओल्यावर पाय द्याचा नाई, तुमीच सांगतलं गुरुजी."

तिची पोरगी नवी सँडल घालून मांगं उभी होती. या वख्ती हासत नव्हती. कॅम्पातल्या बाया मात्र पदर तोंडाले लावून हासत होत्या.

"हिचं नाव काढून टाका शाळेतून!" साहेबीन गुरुजीवर वरडली.

नाव गेलं म्हन्जे शाळा गेली, अन शाळा गेली म्हन्जे मायच्या बाजूले माहं बी घमेलं. तेवढ्यात गर्दीतून माय आली. वाटलं, आता मार पडते. मायनं लुगडं वर खोचलं अन त्या ओल्या शेनावरून थपथप चालत आली. पाय उमटले. कारखान्यातले भेगाळलेले पाय. माह्यापाशी येऊन म्हने, "सरक जराशी."

बसली. अन दाराकडे पाहून बोलली, "काढा नाव. पन पयले सांगा, उद्या सारवते कोन?"

गॅदरिंग बाहेर झालं, धुराळ्यात, आमी जिथं बसत होतो तिथं.

माहं नाव काढलंच. पन त्याच्यानंतर कॅम्पातली एकबी पोरगी शाळा सारवाले गेली नाई. जमिनीचे पोपडे निघाले, सतरंजीखालून धूळ उडे. मले मायनं दूर सेक्टरातल्या हिंदी शाळेत घातलं. हिंदी धड येत नव्हती. तरी मी पुढंच बसली.

आता लोक म्हनतेत, जाऊ दे वो, लहानपनची गोष्ट. नाई जाऊ देत. कावून जाऊ देऊ? ज्या जमिनीले माहा हात लागला, तिच्यावर पयले मी बसीन. मांगं सरकत सरकत कोनाच्याच दाराबाहेर मी निंगनार नाई.