जाते म्हणणारी

रेवदंड्यात आमच्या आळीत ब्लाउज शिवणारी एक बाई राहते. बोलताना ती माझ्या तोंडाकडे पाहत नाही, माझ्या हातातल्या पिशवीच्या बंदाकडे बघते. ब्लाउज घरी आणून दिला की निघताना सगळ्यांसारखं ‘येते’ म्हणत नाही, ‘जाते’ म्हणते. माझ्या सासूबाईंना ते अशुभ वाटायचं. "येते म्हणावं गं," त्या एकदा तिला म्हणाल्या. ती म्हणाली, "पण आज मी परत येणार न्हाय." तेव्हापासून आळीत तिला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही.

परवा माप द्यायला गेले, तर मशीन थांबवून ती म्हणाली, "वैनी, अलिबागच्या डॉक्टरबाई बोलल्या, मला ऑटिझम हाय. जन्मापासनं. मी उद्धट न्हाय."

चाळिशी ओलांडलेली बाई. शेवटचं वाक्य तिने पुन्हा एकदा म्हटलं, हळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं.

"ये ना कधीतरी घरी," मी म्हणाले, आपण म्हणतो तसंच.

तिने पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कधीतरी म्हणजे कधी, वैनी?"

मी पिशवीच्या बंदाकडे बघत राहिले.