बसायला पास लागत नाही

आमच्या मावसाजींइतका संताप आणणारा शांत माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झालेला नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. बाविसाव्या वर्षापासून मी सभा भरवल्या, मोर्चे काढले, हिंगणघाटच्या भिंतींवर खळ लावून कागद चिकटवले. मामलेदारांपासून मुकादमापर्यंत सगळ्यांना मी चिडवू शकलो. मावसाजींना मात्र एकदाही नाही. तीस वर्षं कापसाच्या जिनात रेच्याच्या यंत्रावर उभं राहून सरकी आणि रुई वेगळी करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ज्यांच्या छातीत त्या रुईची धूळ कायमची बसली, त्या माणसाने तरी मुठी आवळायला नकोत? मी त्यांना तसं विचारलंही होतं. ते म्हणाले, "मूठ आवळली तं गळ कोणत्या हातानं धरू?"

जिनाची शिटी झाली की मावसाजी घरी येत नसत, गावाबाहेरच्या तळ्यावर जात. तळ्याच्या बांधाच्या, म्हणजे पाळीच्या पायथ्याला एक चपटा काळा दगड होता. त्यावर ते बसले की दगड कुठे संपतो आणि मावसाजी कुठे सुरू होतात हे सांगता यायचं नाही. एकदा त्यांच्या खांद्यावर बगळा बसला होता असं मावशी शपथेवर सांगायची. हातात वेळूची काठी, दोऱ्याला ज्वारीच्या धांड्याचा तरंगता तुकडा, आणि त्या तुकड्याकडे लागलेले डोळे. माणूस ओळखण्याची त्यांची कसोटी एकच होती, तो बसतो कसा. त्यांच्या पुतणीला पाहायला आर्वीहून एक मुलगा आला होता. घर चांगलं, मुलगा शिकलेला, सगळ्यांना पसंत. मावसाजी कोपऱ्यातून म्हणाले, "पाय हालवते." सगळे थांबले. "बसल्या बसल्या पाय हालवते. याच्याजवळ मासा येईन का?" मासा नव्हे, मुलगी द्यायची आहे, असं त्यांच्या भावाने ओरडून सांगितलं, पण मुलीलाच हसू फुटलं आणि ती सोयरीक तिथेच बुडाली. आमच्या सभेला नागपूरहून एक मोठे वक्ते आणले होते, त्यांचं भाषण मावसाजींनी शेवटपर्यंत ऐकलं. मी अभिप्राय विचारला तर म्हणाले, "बोलला चांगला. पण त्याले बसता येत नाई." मीही बोलताना पाय हलवतो. ते आपला जड हात माझ्या गुडघ्यावर ठेवत, आणि माझं वाक्य अर्ध्यात तुटत असे.

माझी पत्रकं ते मागून नेत. पहिल्यांदा मला आनंद झाला होता. मग तळ्यावर गेलो तर 'जागे व्हा!' या मथळ्यात दहा-बारा गांडुळं गुंडाळलेली. "कागद चांगला वापरतं तू," ते म्हणाले. "ओल धरून ठेवते."

मावशी याच्या नेमकी उलट. ती श्वास घ्यायला थांबायची तेवढंच तिचं मौन. मावसाजींना जेवायला बोलवायला म्हणून ती तळ्यावर जायची, ते उठायचे नाहीत, म्हणून चिडून शेजारी बसायची, आणि हाताला काही चाळा हवा म्हणून दुसरी काठी उचलायची. तोंड चालू, काठी चालू. शेजारणीचं भांडण, डाळीतला खडा, देवळीच्या नणंदेचा खोटेपणा, सगळं पाण्यावर ऐकू जायचं आणि मासे तिलाच जास्त लागायचे. मासे ऐकायला येतात असा गावाचा समज होता. मावसाजींचा त्यावर विश्वास नव्हता, पण तिला गप्प बस असं त्यांनी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तळ्याच्या पलीकडे साहेबलोकांचा एक क्लब निघाला. कुठल्याशा कागदाच्या आधारावर त्यांनी तळं ताब्यात घेतलं आणि बोर्ड लावला : पासाशिवाय मासे मारू नये. मी विचारतो, पाणी कोणी पाडलं? पाळ कोणी बांधली? मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं, 'तळं गावाचं!' मावसाजींनी काही केलं नाही. तळ्यावर जायचं सोडून ते घरी बसले. आणि खोकू लागले.

खोकला आधीही होता, पण तळ्यावर गेले की तो बसायचा. ओलसर हवेने म्हणा, मनाने म्हणा, डॉक्टरांनाही ते सांगता आलं नाही. आता सकाळी सुरू झालेला खोकला जेवणाच्या ताटावरही थांबेना. त्यांची पाठ दोन महिन्यांत वाकली. मावशी बोलता बोलता मध्येच थांबू लागली, पुढची ढास येते का हे ऐकायला. मावशी गप्प झाली तेव्हा मी खरा घाबरलो.

पोळा झाला आणि क्लबाने जाहीर केलं की येत्या रविवारी मासे पकडण्याची शर्यत, सर्वांना खुली, फक्त नवरा-बायकोच्या जोडीने उतरायचं. क्लबाच्या सकाळच्या शिटीपासून चारच्या शिटीपर्यंत ज्यांचं वजन जास्त, त्यांना एक कप आणि वर्षभराचा पास. मावशीने त्याच दिवशी नाव दिलं.

मी भडकलो. त्यांच्या ओसरीवर उभं राहून मी भाषणच ठोकलं. "जे आपल्या हक्काचं, ते त्यांच्या हातून बक्षीस म्हणून घ्यायचं? ही लाचारी आहे! बहिष्कार टाकला पाहिजे!"

मावशी गळाला धार लावत होती. तिने वर पाहिलं. "हक्कानं खोकला थांबते का रे बाबू?"

मी बहिष्काराचं पत्रक लिहायला घरी गेलो.

रविवारी मी तळ्यावर गेलो तो निषेध करायला, हे आधी नोंदवून ठेवतो. पत्रकांचा गठ्ठा काखेत होता. एकवीस जोड्या पाळीवर ओळीने बसलेल्या, मागे अर्धं गाव. मावसाजींची अकरा नंबरची जागा त्यांच्या दगडापासून चांगली पन्नास पावलं दूर आली होती, आणि ते तिथून सारखे दगडाकडे पाहत होते, सासरी आलेल्या मुलीसारखे. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. पहिल्या तासात मी पाच पत्रकं वाटली. दुसऱ्या तासात एक. नंतर वाटायचं विसरलो, कारण माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून मावसाजी खोकले नाहीत. मावशीच्याही ते ध्यानात आलं होतं. ती बोलत होती, पण कान तिकडे. मी बोटांवर तास मोजत होतो. तीन तास. चार तास. एकदाही नाही.

दर तासाला क्लबाचा माणूस काट्यावर वजन करून फळ्यावर खडूने आकडा लिही. सात नंबरची जोडी, एक कारकून आणि त्यांची नाकाला पदर लावून बसलेली बायको, यांना एक दांडगा कतला लागला आणि ते साडेचार शेरांवर गेले. आमच्याकडे दोन शिंगाडा मासे आणि बारीकसारीक मिळून चार शेर. अर्धा शेर मागे! मी फळा आणि पाणी यांच्यात एवढ्या वेळा मान वळवली की ती धरली. साडेतीन झाले. मावसाजींचं धांडं पाण्यावर मेल्यासारखं पडलेलं. पावणेचार झाले.

आणि मावशीच्या अगदी समोर, दोन हातांवर, पाणी तांबडं झालं. कुणी कुंकू शिंपडावं तसा एक पुंजका वर आला, थरथरला, खाली गेला, पुन्हा आला. मरळ माशाची पिलं. त्या पुंजक्याखाली नर आणि मादी दोघंही राखण करत असतात, आणि वर बेडूक पडला की तो पिलांवर आला असं समजून झेप घेतात. अशी मरळ गळाला लागल्याशिवाय राहत नाही. दोन शेरांच्या खाली सहसा भरत नाही. तळ्यावरच्या सगळ्यांना हे माहीत आहे, आणि पिलांवरची मरळ मावसाजींनी आयुष्यात कधी धरली नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे.

मावशीच्या गळाला बेडूकच लावलेला होता. ती उठून उभी राहिली.

मावसाजींनी आपली काठी खाली ठेवली. ते "टाक" म्हणाले नाहीत, "नको" म्हणाले नाहीत. नुसते तिच्याकडे पाहत राहिले. आणि मागून कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, "टाक ना वं मावशी! पायतं काय? टाक!"

तो मी होतो. काखेतला गठ्ठा चिखलात पडला होता. माझं सगळं छापील मराठी, लाचारी आणि बहिष्कार आणि तळं गावाचं, एका क्षणात गळून गेलं होतं. आजूबाजूच्या जोड्या माझ्याकडे पाहू लागल्या. मला त्याचं काही नव्हतं. मला फक्त ती न आलेली ढास ऐकू येत होती.

मावशीचा हात वर गेला. मग तिने दोरा ओढून घेतला, बेडूक गळावरून हळूच सोडवला आणि गवतात ठेवला. तो लंगडत निघून गेला.

"काऊन?" मी जवळजवळ रडत विचारलं.

"एकाले ओढलं तं दुसरं दिसभर तेथंच फिरत राह्यते, बाबू," ती म्हणाली. "म्या पायलं हाय. मले नाई पाहवत."

चारची शिटी झाली. ती विरते न विरते तोच मावसाजी खोकले.

कप कारकुनांना मिळाला. पासही. त्यांच्या बायकोला माशांचा वास सोसेना, म्हणून ते पुन्हा तळ्याकडे फिरकले नाहीत. संतापाने मी तीन दिवस जेवलो नाही. म्हणजे घरी जेवलो नाही.

आणि सोमवारी पहाटे मावसाजी उठले, काठी कोपऱ्यातच ठेवली, तळ्यावर गेले आणि आपल्या दगडावर बसले. चौकीदार धावत आला.

"काकाजी, बोर्ड नाई वाचला का?"

"वाचला. मासे मारू नये."

"मंग?"

"मंग मी काय करून राह्यलो?"

चौकीदाराने त्यांचे हात पाहिले. रिकामे. तो क्लबात विचारायला गेला. साहेबांनी नियमांचं पुस्तक उलटंपालटं केलं. बसायला पास लागत नाही, असं निघालं. तेव्हापासून ते आणि मावशी दोघं रोज जाऊ लागले. काठी नाही, दोरा नाही, नजर मात्र तशीच पाण्यावर, जिथे धांडं तरंगायचं तिथे. मावशी शेजारी बसून बोलायची. खोकला पुरता गेला नाही, पण ताटावर तरी थांबला. मी यावर एक जळजळीत पत्रक लिहिलं. गांडुळांची गरज आता नव्हती, त्यामुळे मावसाजींनी ते पहिल्यांदाच वाचलं, अगदी सावकाश, ओळीखाली बोट फिरवत. मग म्हणाले, "लिवतं चांगलं लेका. पण उभ्यानं लिवल्यासारखं वाटते. बसून लिवत जाय."

दोन हिवाळे असे गेले. तिसरा त्यांना पेलला नाही.

गेल्या वर्षी क्लब बंद पडला आणि बोर्ड निघाला. माझ्या पत्रकांमुळे निघाला असं मी सभेत सांगतो. खरं म्हणजे साहेबांची बदली झाली. आता कोणीही गळ टाकावा. मावशीच्या घरी दोन्ही काठ्या कोपऱ्यात उभ्या आहेत. ती रोज संध्याकाळी तळ्यावर येते, पण बसत नाही. पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, वळते, पुन्हा येते. बोलत नाही. परवा मी म्हटलं, "मावशी, बस ना घडीभर." ती दगडाकडे न पाहता म्हणाली, "बसतो ना. एक चक्कर राह्यली." आणि पुढे गेली.

दगडावर मी बसत नाही. त्याच्या शेजारी गवतात बसतो. हे सगळं तिथेच बसून लिहिलं आहे. पाय हलवलेला नाही.