मुद्दाम पाहिलेला भारद्वाज

तळेगावच्या एका जुन्या मेडिकल कॉलेजात शरीररचनेचं संग्रहालय आहे. तिथे माणसाच्या हाताच्या हाडांशेजारी पेंढा भरलेला एक भारद्वाज बसलेला असतो. पंख आणि हात ताडून बघता यावेत म्हणून कुणा जुन्या प्राध्यापकांनी तो ठेवला. त्याची धूळ मऊ ब्रशने झाडायचं काम सुमनताईंचं. नोकरीला लागल्यापासून त्यांनी ते दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

परीक्षा आली की मात्र सुमनताईंचं डोकं उठायचं. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे सगळ्यांनाच ठाऊक. तोंडी परीक्षेला निघालेली मुलं आधी इथे यायची. नुसतं बघून जातील तर कसली! त्याच्या पेटीची काच फुटलेली, नवी काही येत नव्हती. मग पाठीवरून हात फिरवायचा, शेपटीला लावलेलं बोट कपाळाला टेकवायचं.

"मावशी, एकदाच!"

"एकदाच एकदाच करून टक्कल पाडलं त्याला! डाक्टर व्हायला निघालात, अन् मेल्या पाखराच्या पाया पडता व्हय?"

"डॉक्टर झाल्यावर नाही पडणार," त्यांच्यातला मिहिर म्हणाला.

एके दिवशी शेपटीचं पीस फरशीवर पडलेलं विभागप्रमुख मृदुला मॅडमनी पाहिलं. "आणखी एक गळलं तर हा माळ्यावर जाणार, सुमनताई."

माळ्यावर उंदीर. सुमनताईंनी त्या दुपारी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला निघालेली अनुया आली, हात पुढे केला. सुमनताई ओरडल्या नाहीत.

"लाव की. पण मुद्दाम जाऊन बघितलेला भारद्वाज फळत न्हाई, पोरी. त्यो अवचित दिसावा लागतो. आमची आय सांगायची."

अनुयाचा हात तिथेच थांबला.

वसतिगृहात बातमी पोचायला कितीसा वेळ! पुढच्या तोंडी परीक्षेच्या सकाळी मुलं छताकडे बघत आत आली. कुणी बरणीतल्या यकृताशी बोलत होतं, कुणी पाठमोरं चालत होतं. मग एकदम मान वळवायची, "अय्या, भारद्वाज!" आणि पळायचं. हात लावायची सोयच उरली नाही. हात लावला म्हणजे मुद्दाम आल्याचं कबूल करणं.

"मिहिर, तू तिसऱ्यांदा अवचित आलास!"

"विषयच तसा अवघड आहे हो, मावशी."

एवढं बोलून तो उलट्या पावली निघाला आणि दारातल्या सांगाड्यावर आदळला. गुडघ्याची वाटी घरंगळत कपाटाखाली गेली.

"देवा, काय करू या पोरांचं!" सुमनताई कपाळाला हात लावून खाली वाकल्या. वाटी हाताला लागली. आणखी आतपर्यंत चाचपून पाहिलं. भारद्वाजाचं नवं गळलेलं पीस एकही नव्हतं.