'हार्ड-वर्किंग'मधला जोर

डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

आज नेरूळला कस्टमर केअरच्या नोकरीचा इंटरव्ह्यू होता. मी इंग्रजीत म्हटलं, मी हार्ड-वर्किंग आहे. इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी तिथेच थांबवलं. "शब्द तोडून, टेबलावर बोट आपटत म्हण."

मी आपटलं. हार्ड, वर्क, इंग. तिन्ही ठोके सारखेच पडले, मराठीत आपण बोलतोच तसं.

"जोर 'वर्क'वर दे."

दिला. मग 'हार्ड-वर्किंग गर्ल' म्हणायला लावलं. मी पुन्हा 'वर्क'वर जोर दिला, तर म्हणाल्या, "पुढे नाम आलं की जोर 'हार्ड'वर जातो. एवढंही माहीत नाही?" मग कळवतो म्हणाल्या.

तुर्भ्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी दिवसभर फोनच घेते. माल अडकलेले व्यापारी शिव्या देत सुरुवात करतात आणि थँक्यू म्हणून फोन ठेवतात. हे सांगायची वेळच आली नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय इचारला गो तुला?"

काय सांगू तिला? हार्ड-वर्किंग कसं म्हणायचं यातच इंटरव्ह्यू संपला. काम काय करतेस, हे कोणी विचारलंच नाही.

तुमच्या इंटरव्ह्यूत तरी विचारलं होतं का?